रिफ्रेशाय नमः

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश दाबल्यानं कॉम्प्युटर फास्ट होत नाही. हे वाक्य छापून आलं असेल, तर संपादक रजेवर आहेत असं समजावं. ते जागेवर असते तर वाचकांच्या भावनांचा प्रश्न काढून त्यांनी ते कापलंच असतं. आणि कापण्याआधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोनदा रिफ्रेश मारला असता.

कारण रिफ्रेश मारल्याशिवाय आपल्याकडे कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही. यंत्र चालू होतं, पडद्यावर गणपतीचा किंवा नातवाचा फोटो येतो, पण माणूस कामाला लागत नाही. उजवं बटण, यादी, रिफ्रेश. चिन्हं क्षणभर डोळे मिचकावतात. पुन्हा उजवं बटण, यादी, रिफ्रेश. संध्येला बसलेला माणूस आचमन करतो त्याच तंद्रीत हे चालतं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, आणि गोविंदाय नमः म्हणत ताम्हनात पाणी सोडावं तसा चौथा रिफ्रेश नुसताच सोडून द्यायचा. यात शाखाभेदही आहेत. एफ-फाइव्हवर बोट दाबून धरणारे स्वतःला सुधारक समजतात. राइट क्लिकवाले त्यांना धर्मभ्रष्ट समजतात, कारण कष्टाशिवाय पुण्य कसलं? सुधारकांची अलीकडे जरा पंचाईत झाली आहे. बऱ्याच लॅपटॉपांवर एफ-फाइव्हच्याच बटणावर दुसरंही काम सोपवलेलं असतं. त्यामुळे रिफ्रेश करायला जावं तर एखाद्याच्या पडद्याचा उजेड कमी होतो आणि एखाद्याचा आवाज बंद होतो. पण श्रद्धा अशानं ढळत नसते. 'आवाज गेला, म्हणजे काहीतरी साफ झालं असणार,' असं म्हणणारे मला भेटले आहेत.

बँकेच्या काउंटरवर हे अनुष्ठान सार्वजनिक होतं. आपण पासबुक घेऊन रांगेत. काचेपलीकडचे साहेब बँकेचा प्रोग्रॅम खाली करतात, डेस्कटॉपवर येतात आणि सुरू होतात. आपली नोंद कुठल्या तरी दूरच्या शहरात एका सर्व्हरच्या दारात अडकली आहे आणि साहेब इथे आपल्या रिसायकल बिनचं चित्र पुन्हा पुन्हा रंगवून घेताहेत. रांगेतल्या कुणालाही यात वावगं दिसत नाही. उलट मागचे एक काका अधिकारवाणीनं सांगतात, 'अजून दोन मारा साहेब, येईल.' आणि येतं हो! सर्व्हर तेवढ्यात स्वतःच्या मर्जीनं शुद्धीवर येतो आणि रिफ्रेशच्या नावावर आणखी एक चमत्कार जमा होतो. काका मागे वळून रांगेकडे असे बघतात, की त्यांना नमस्कार करावा की काय, या विचारात आपण पडतो.

वस्तुस्थिती अशी, की डेस्कटॉप हा चारचौघांसारखा एक फोल्डर आहे. त्यात नवी फाइल आली आणि कधीमधी दिसली नाही, तर 'बाबा रे, यादी परत वाच आणि चिन्हं परत मांड' असं सांगायची सोय म्हणजे रिफ्रेश. संपलं. रॅमला तो स्पर्श करत नाही, प्रोसेसरचा थकवा घालवत नाही, यंत्राच्या अंगात कसलीही हवा खेळवत नाही. उलट आधीच ओझ्यानं वाकलेल्याला तो आणखी एक काम सांगतो. तेही चार वेळा.

एवढ्यानं भागलं नाही, की भाच्याला बोलावतात. प्रत्येक मराठी घरात कॉम्प्युटरसाठी एक भाचा नेमलेला असतो. तो इंजिनिअरिंगला असावा लागतो, सिव्हिलला असला तरी चालतं. 'मामा, सी ड्राइव्ह लाल झालाय,' असं म्हणत तो खुर्चीत बसतो, स्वतःचे चार रिफ्रेश मारतो आणि मग गुप्तविद्या बाहेर काढतो. रनची खिडकी उघडायची. टेंप. सगळं निवडा, डिलीट. पर्सेंट टेंप पर्सेंट. सगळं निवडा, डिलीट. आणि तिसरा, सर्वांत जालीम मंत्र: प्रीफेच. सगळं निवडा, डिलीट. आता हे प्रीफेच म्हणजे काय, तर २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेली सोय. कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं यंत्र तिथे लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध न करता तो प्रोग्रॅम लवकर उघडावा. थोडक्यात, यंत्रानं फास्ट होण्यासाठी आपणहून केलेला अभ्यास भाचा दर महिन्याला येऊन, फास्ट करण्यासाठी, पुसून जातो. जाताना मामी त्याला साजूक तुपातला शिरा देते.

भाच्यानंतर दुकान. दुकानदार सीपीयू (आपल्याकडे सीपीयू म्हणजे तो अख्खा पत्र्याचा डबा) टेबलावर घेतो, न उघडताच निदान सांगतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' डेटा राहील ना? 'डी ड्राइव्हला काढून ठेवतो.' फॉरमॅटनं यंत्र खरोखर पळतं, काही दिवस, कारण सगळा कचरा गेलेला असतो. मराठी फॉन्टही गेलेला असतो. सोसायटीची जुनी इतिवृत्तं त्याच फॉन्टमध्ये टाइप केलेली असल्यामुळे आता ती उघडली, की रोमन अक्षरं, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं अशी गर्दी दिसते. एका सोसायटीत ते तसंच वाचून कायम करण्यात आलं. विरोधी गटानंही हरकत घेतली नाही.

शेजारच्या निवृत्त काकांची मात्र मला दया येते. शिस्तीचा माणूस. रोज रात्री न चुकता शट डाउन, मग भिंतीवरचं बटण, मग वर पांघरूण. 'यंत्रालाही विश्रांती लागते.' त्यांना मी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर अप टाइम दाखवला. यंत्र तीन आठवडे सलग जागं होतं. २०१२ साली, विंडोज ८ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. तो चालू असेल तर शट डाउन म्हटल्यावर यंत्र आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जशीच्या तशी उतरवून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे उचलतं. कोरी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट दाबायचं. म्हणजे बंद हो म्हटलं तर पुरतं बंद होणार नाही आणि पुन्हा चालू हो म्हटलं तरच आधी पुरतं बंद होणार. काका बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, 'म्हणजे मी पांघरूण कुणावर घालत होतो?'

खरं दुखणं बहुतेक घरांत एकच असतं आणि ते डब्याच्या आत असल्यामुळे तिकडे कुणी जात नाही. हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारं मुंडकं. फिरत्या तबकडीची ही रचना १९५६ सालापासूनची. वेगवेगळ्या जागी जाऊन वाचून ये म्हटलं, तर ते मुंडकं सेकंदाला फार तर शंभरेक खेपा करू शकतं. त्यात रॅम ४ जीबी. ती भरली, की मावलं नाही ते यंत्र डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत मागतं. मुंडकं पळतंय, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के लाल होऊन बसलेत आणि वरून आपला चौथा रिफ्रेश. त्या जागी एसएसडी बसवली, जिच्यात फिरणारं काहीच नसतं, आणि रॅम दुप्पट केली, तर दहा वर्षांचा डबाही पळू लागतो. काम मोजक्या स्क्रूंचं आहे. पण गिऱ्हाईक दुकानदारावर डोळे वटारतं: 'हजार जीबीची काढून अडीचशेची बसवता? आम्ही काय वेडे आहोत?' आकडा मोठा हवा! वर्षानुवर्षं आपल्याकडे लॅपटॉप खपले ते १ टीबीच्या स्टिकरवर. ती तबकडी फिरते किती, हे मुंज झालेल्या मुलापासून सेवानिवृत्त प्राचार्यांपर्यंत कुणीही विचारलं नाही.

पण हे लिहिता लिहिता रिफ्रेशवरचा माझा राग संपत चाललाय आणि दुसराच वर येतोय. मुळात डबा एवढा पळवायचा कशासाठी? विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, आणि हे किमान म्हणजे नुसतं तोंड दिसण्यापुरतं. हजार पटींनी जास्त! तेव्हा मी 'महोदय, पाण्याच्या टाकीच्या गळतीबाबत' असं पत्र टाइप करत होतो. आजही तेच टाइप करतो. टाकी तीच, गळती तीच, महोदयही फारसे बदललेले नाहीत. मग ही हजारपट स्मरणशक्ती जाते कुठे? पडद्याच्या कोपऱ्यात आमच्याच गावचं तापमान दाखवायला, जे समोरच्या खिडकीतून फुकट कळतं. न मागितलेल्या बातम्या आणायला. प्रिंटरचा प्रोग्रॅम सकाळपासून जागा, शाई संपल्याचं सांगण्यासाठी. पीडीएफ वाचणारा हजर, दिवसभरात एकही पीडीएफ उघडली नाही तरी. दोन ओळींचा निरोप धाडायचा प्रोग्रॅम घ्यावा, तर त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर. हे सगळे न बोलावता यंत्राबरोबर उठतात, स्टार्टअपच्या यादीत त्यांची नावं असतात, ती यादी कुणालाही बघता येते, कुणालाही खोडता येते, आणि ती कुणीही बघत नाही. हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर मात्र ऐन भरातली यंत्रं असतात, त्यामुळे त्यांना सगळं कसं झुळझुळ वाहताना दिसतं. त्यांना पकडून आणा, आमच्या काकांच्या डब्यापुढे बसवा आणि म्हणावं, आता लिही इथे, जेवण यावरच अवलंबून आहे. जगातलं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत निम्मं होईल. पण नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं: नवा घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. आदल्या रात्री जो डबा पत्र टाइप करत होता, तो दुसऱ्या दिवशी कागदोपत्री म्हातारा. विंडोज ११ त्यात रीतसर बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची चीज आणि प्रोसेसरची नवी पिढी लागते. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो अजून मोडला नव्हता.

आता या सगळ्यावर बाजारात रामबाण मिळतो, त्याचं नाव बूस्टर. माझ्या भाच्यानं जाता जाता तो टाकून दिला. बूस्टर यंत्राबरोबरच सुरू होतो, घड्याळाशेजारी ठाण मांडतो, मीटरचा काटा थरथरवतो आणि हजारांच्या घरात समस्या सापडल्याचं लाल अक्षरांत जाहीर करतो. मी यादी उघडली. ब्राउझरची एकेक कुकी ही एकेक समस्या म्हणून धरली होती. दुरुस्तीसाठी पैसे भरा. मग टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, तर रॅम सर्वांत जास्त कोण खातंय? बूस्टर. मी अनइन्स्टॉल दाबलं. त्यानं विचारलं, नक्की? हो म्हटलं. त्यानं ब्राउझर उघडला, त्यात एक फॉर्म उघडला आणि रडव्या चेहऱ्याच्या चित्राखाली सोडून जाण्याचं कारण विचारलं. पर्याय तीन होते. माझा कॉम्प्युटर आता फास्ट झाला आहे. मी नवा कॉम्प्युटर घेतला आहे. मी चुकून दाबलं. चौथा पर्याय नव्हता, आणि मला जे लिहायचं होतं ते लिहायला मोकळी जागाही नव्हती. 'चुकून' म्हटलं तर तो परत येऊन बसेल, म्हणून मी खोटंच 'नवा घेतला' दाबलं. त्याबरोबर अभिनंदनाची एक खिडकी उघडली: नव्या कॉम्प्युटरसाठी बूस्टर, आज निम्म्या किमतीत.