सेल सोडून बाकी सगळं

आपली द्विशिक्षकी शाळा डिजिटल झाली. भिंतीवर स्मार्ट टीव्ही बसला, त्याखाली देणगीदारांच्या नावांची पाटी बसली (टीव्हीपेक्षा चार बोटं रुंद), फीत कापली, पेढे वाटले. राहिले फक्त रिमोटचे सेल.

म्हणजे सुरुवातीला होते. टीव्हीच्या खोक्यातच दोन आले होते. पहिल्या पावसाळ्यात ते रिमोटच्या पोटातच पाझरले आणि स्प्रिंगा हिरव्या पडल्या. आता नवे आणायचे तर खर्च टाकायचा कुठे? पट तिसाच्या आत, म्हणून संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, फिनेल, झाडू आणि टाकीचा नळ. बरं, सेल हे साहित्य की दुरुस्ती? साहित्य म्हणावं तर जडवस्तू नोंदवहीत चढवा, आणि संपले की त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा. दुरुस्ती म्हणावी तर आधी टीव्ही बिघडल्याचं लेखी द्या, आणि डिजिटल शाळेचा टीव्ही बिघडला असं लेखी देणारा मुख्याध्यापक अजून जन्मायचाय. हेडसरांनी मधला मार्ग काढला. साहेबांची भेट असली की ते घरच्या रिमोटमधले सेल काढून रुमालात बांधून आणतात. त्या दिवशी त्यांच्या आईंचं टीव्हीवरचं कीर्तन बुडतं. त्यामुळे भेटीची बातमी केंद्रप्रमुखांच्याही आधी आता आईंना असते. बायाबापड्या त्यांनाच विचारतात, ‘काकू, आज कीर्तन आहे का?’ नाही म्हटलं की पोरांना आंघोळ घालून, तेल लावून पाठवतात.

साहेब येतात. पडद्यावर ससा नाचतो. फोटो निघतो, अक्षांश-रेखांशासह गटावर पडतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. संध्याकाळी सेल रुमालातून घरी.

यंदा मात्र सूचनेत एक ओळ वाढली होती : ‘छायाचित्रात दिव्यांग विद्यार्थी तंत्रज्ञान वापरताना स्पष्ट दिसावा.’ मग दुसरीतल्या एका मुलीला पुढे ओढून टीव्हीसमोर उभं केलं. तिच्या कानामागे श्रवणयंत्र आहे. तालुक्याच्या शिबिरात मिळालं, मोफत, हार घालून. फोटो झकास आला. भिंतीवर तंत्रज्ञान, कानावर तंत्रज्ञान, मध्ये साहेब.

त्या यंत्रात दिवाळीपासून सेल नाही.

तो पेन्सिल सेल नव्हे, हेडसरांच्या आईंकडून उसना मिळायला. तो गोळीएवढा, हवेवर चालणारा बटन सेल. पाठीवरचं निळं कागदी स्टिकर काढलं की बारीक भोकांतून आत हवा शिरते आणि सेल खर्ची पडू लागतो, यंत्र चालू असो की बंद. आठवडा, फार तर दोन, की दुसरा आणा. आणणार कुठून? गावच्या किराणा दुकानात नाही, तालुक्याच्या औषधाच्या दुकानात ‘मागवून देतो’, आणि जिल्ह्याला जायचं तर बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. लगेच माहितीच्या तक्त्याला रकाने फुटले, तेवढी अंमलबजावणी चोख! लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला योग्य ती साधनं अठराव्या वर्षापर्यंत मोफत द्या, असंही तोच कायदा सांगतो. साधन दिलं की वाटपाचा आकडा वाढतो. सेल दिला तर काय वाढतं? पोरीला ऐकू येतं. त्याला रकाना नाही. अरे, लाखालाखाचे पडदे टांगता, त्यावर नावं कोरता, आणि चार सेलांची एक पट्टी या पोरीच्या दप्तरात जात नाही? आणि तो ससा! खाली अक्षरं उमटवायची सोय फुकटात होते, तीही कुणी केली नाही. बाई शिकवताना तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलतात, तेव्हा ओठांवरून तिला निम्मंअर्धं कळतं. ससा ‘प’ म्हणताना तोंड उघडतो आणि ‘आ’ म्हणताना मिटतो. त्याच्याकडे बघून ती काय शिकणार, कपाळ?

पण आपण नकारात्मक बोलू नये. परवाच ‘समावेशित शिक्षणात तंत्रज्ञान’ या विषयावर प्रशिक्षण झालं. बॅग मिळाली, पेन मिळालं, दुपारी मठ्ठा-जिलेबी होती. आपल्या बाईंनी उभं राहून सेलचं विचारलं. तज्ज्ञ म्हणाले, ‘मॅडम, फार चांगला मुद्दा मांडलात. गटावर लिंक टाकतो.’

रात्री साडेअकराला लिंक आली. उघडली, तर प्रशिक्षणाचा अभिप्राय भरायचा फॉर्म. सगळे प्रश्न अनिवार्य, आणि शेवटी फोटो जोडायचा.