कोरड्यात एकदा, ओल्यात दोनदा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पावसाची वर्दी वेधशाळेच्या आधी आप्पा देतात. मे सरत आला, की एका सकाळी पार्किंगमधल्या लाल पोर्शेवर करडं कव्हर चढतं, चारी कोपरे सुतळीनं आवळले जातात आणि वॉचमन आल्यागेल्याला सांगतो, "आप्पांनी गाडी झाकली." त्या दिवशी सगळ्या बायका गच्चीवरच्या कुरडया खाली आणतात.

भोसरीतलं वर्कशॉप विकल्यावर आप्पांनी ही दोन दारांची गाडी सेकंडहँड घेतली. किती पळते, असं कुणी विचारलं की ते तोंड वाकडं करतात. "पळवेल कुणीही. थांबते कितीत, ते विचार." विचारलं नाही तरी उत्तर मिळतंच. ताशी १०० वरून कोरड्या रस्त्यावर छत्तीसेक मीटर. ओल्यावर, टायर चांगले असले तर, पन्नास-साठ. आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यातच २८ मीटर गेले, ते वेगळे. "वेग दुप्पट, तर ब्रेकचं अंतर चौपट. हे शाळेत शिकवतात, पण मार्कांपुरतं."

त्यांचं लाडकं वाक्य एकच : "ब्रेक फक्त चाक थांबवतो रे. गाडी थांबवतो टायर आणि रस्ता." हे मी लिफ्टमध्ये ऐकलंय, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत ऐकलंय आणि एकदा वैकुंठात, शेजारच्यांना पोचवायला गेलो असताना, दबक्या आवाजातही ऐकलंय.

त्यांच्याकडे जेवायला गेलं, की प्रात्यक्षिक ठरलेलं. टेबल नुकतं पुसलेलं असतं. काकू गरम आमटीची वाटी ठेवतात आणि ती आपली आपण दोन बोटं सरकते. "बघ! तळ टेबलाला टेकलाच नाही. तसंच होतं टायरचं. खाचांतून पाणी बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, की टायर पाण्यावर चढतो. मग ब्रेक दाब, स्टिअरिंग फिरव, नाहीतर रामरक्षा म्हण. आणि माझे मागचे टायर २६५ मिलिमीटर रुंद! कोरड्यात ऐट, पाण्यात होडी."

"माझ्या स्कूटरचा आहे नव्वदचा," काकू पोळी वाढता वाढता म्हणतात. "पाणी चिरत जाते बिचारी. आणि ह्यांच्या त्या महागाच्या डिस्कला तर भोकं आहेत. मी म्हटलं, पोहे चाळायला आणली की काय."

भोकांचा विषय निघाला की आमटी निवते. डिस्कवर पाण्याचा पापुद्रा बसला, की ब्रेक पहिल्या क्षणी नुसता चाटून जातो. त्या पाण्याला आणि वाफेला वाट हवी, म्हणून भोकं. म्हणूनच गाडी धुतली की आप्पा सोसायटीतल्या सोसायटीत दोन फेऱ्या मारतात, हलका हलका ब्रेक दाबत. पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा गाडी शिकतोय.

पहिल्या पावसाचा तर त्यांना विशेष धसका. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल, टायरची पूड आणि धूळ यांचा तो शिडकावा राबडा करतो. "मृगाचा पाऊस शेतकऱ्याला सोनं, ड्रायव्हरला साबण." त्या दिवशी ते स्वतः कुठे जात नाहीत आणि आमच्यापैकी कुणी निघालाच, तर फाटकाशी काडेपेटीतली काडी घेऊन उभे राहतात. काडी टायरच्या खाचेत घालायची, नखानं खूण करायची, मग पट्टीवर मोजायची. "कायद्याला १.६ मिलिमीटर चालतं. पाण्याला नाही चालत. तीन झाले की टायर बदल."

मागच्या जुलैत ठाण्याला साखरपुडा होता. आप्पा माझ्या गाडीत, माझ्या शेजारी. पोर्शे अर्थातच कव्हरखाली. एक्स्प्रेसवेला लागल्याबरोबर त्यांनी पुढच्या ट्रककडे बोट केलं. तो एका खांबाजवळून गेला, की आपण त्या खांबाशी पोचेपर्यंत 'गणपती बाप्पा मोरया' सावकाश म्हणून झालं पाहिजे. "दोन सेकंद होतात बरोबर. कोरड्यात एकदा, ओल्यात दोनदा."

मी दोनदा म्हणण्याइतकी जागा सोडली. त्या जागेत एक जीप घुसली. मी मागे सरलो. नव्या जागेत टेम्पो आला. पुन्हा मागे सरलो, तर एसटी. "आप्पा, या हिशेबानं आपण मुंबईला निघून पुण्यालाच पोचू!"

"पोचू ना पण," आप्पा म्हणाले. "म्हण पुन्हा."

कामशेतच्या पुढे पावसानं झोडपायला सुरुवात केली आणि पुढच्या टेम्पोचे लाल दिवे एकदम लागले. मी ब्रेकवर उभाच राहिलो. पायाखाली पेडल थडथड उडायला लागलं. काहीतरी तुटलं, असं वाटून मी पाय उचलणार, तोच आप्पा ओरडले, "काढू नकोस! एबीएस आहे तो, काम करतोय. दाबून धर!" चाकं अडकली नाहीत म्हणून गाडी सरळ राहिली आणि टेम्पोच्या मागच्या फळीवरचं 'पुन्हा भेटू' नीट वाचता येईल एवढ्या अंतरावर थांबली. मध्ये एखादी म्हैस आडवी मावली असती.

आता अर्धा तास व्याख्यान, म्हणून मी कान पाडून बसलो. आप्पा काहीच बोलले नाहीत. पुढे फूडमॉलवर त्यांनी आपल्या बशीतला दुसरा वडा उचलून माझ्या बशीत ठेवला. "एबीएस म्हणजे जादू नाही हं," एवढंच म्हणाले. "रस्त्यात पकड असेल तेवढीच तो देणार. बाकीची जागा आपण आधी सोडून ठेवायची."

परवा चांदणी चौकातून येत होतो. पाऊस धो धो, मागचा रिक्षावाला हॉर्न सोडेना, आणि पुढे एवढी मोकळी जागा सोडून मी पुटपुटत गाडी चालवत होतो. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, गणपती आणायला अजून महिना आहे."

"आहे ना," मी म्हटलं. "म्हणून तर सावकाश चाललोय."