नाव आपलं, किल्ली कंपनीची

स्वतःचं डोमेन घेणं आता अवघड राहिलेलं नाही. '.इन' मिळतं, 2014 पासून '.भारत'खाली मराठीतही नाव नोंदवता येतं. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आजीच्या आवाजातल्या ओव्या ठेवाव्यात आणि आपल्याच नावाने जगाला ऐकवाव्यात, ही इच्छा रास्त आहे. अडवणूक होते ती घरच्या इंटरनेटपाशी.

राउटरच्या पानावर जाऊन 'वॅन आयपी' बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा 2012 साली खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. जगाला दिसणारा पत्ता वेगळाच असतो आणि तो तुमच्यासकट अनेक घरांत वाटलेला असतो. तुम्हाला बाहेर जाता येतं, तुमच्याकडे कुणाला येता येत नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंग करा नाहीतर डायनॅमिक डीएनएस लावा, उपयोग शून्य. अडसर तुमच्या राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या यंत्रात आहे.

पत्ते संपलेत, हे कंपन्यांचं म्हणणं खरं आहे. आयपीव्ही4चे एकूण पत्ते सुमारे 430 कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011मध्येच वाटून झाले. त्यामुळे स्टॅटिक आयपीचे जादा पैसे मागितले तर माझी तक्रार नाही.

तक्रार आयपीव्ही6बद्दल आहे. तिथे टंचाईच नाही. एका घराला सहसा मिळणाऱ्या लहानात लहान पट्ट्यातही आयपीव्ही4च्या कैक पटींनी जास्त पत्ते असतात. डोमेनला 'एएएए' नोंद जोडली, की आयपीव्ही6 वापरणारा कुणीही थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो, आणि भारतातले बहुतेक मोबाइलवाले आज त्यावरच आहेत. पण कुठे ते सुरूच केलेलं नसतं, तर कुठे कंपनीच्या राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते आणि ती उघडायची सोय ग्राहकाच्या लॉगिनला दिलेली नसते. फायरवॉल मुळात बंद असावी, हे बरोबरच. दरमहा पैसे भरणाऱ्याकडे तिची किल्ली नसावी, हे साफ चूक.

टनेल हा उपाय चालतो, पण तुमची सगळी ये-जा तिसऱ्याच्या सर्व्हरवरून होते. मेल मात्र घरून चालवूच नका. 25 नंबरचं पोर्ट घरगुती जोडणीवर बहुधा बंद असतं आणि तिथून निघालेलं पत्र स्पॅममध्ये जातं.

वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी नेटवाल्याला विचारा: आयपीव्ही6 आहे का, त्याचा प्रीफिक्स बदलतो का, राउटर ब्रिज मोडवर टाकून द्याल का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.