झाडूची पाळी

जर्मनीतल्या श्टुटगार्टला इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या मराठी मुलाला थर्मोडायनॅमिक्स यथावकाश समजते. जिना समजायला वेळ लागतो.

तिथे भाड्याच्या खोलीत राहायला गेलात की एक दिवस तुमच्या दारावर पाटी लटकलेली दिसते. या पाळीला 'केरवोखं' म्हणतात. या आठवड्याची झाडलोट तुमची. पाळी लहान असेल तर आपल्या मजल्यापुरता जिना. मोठी असेल तर तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फसुद्धा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. प्राध्यापक असो, बसचालक असो की कर्ज काढून आलेला मुलुंडचा विद्यार्थी, पाटी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

हा सोस आजचा नाही. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावी, असा नियम या शहराने 1492 साली केला. म्हणजे तिकडे कोलंबस आपल्याला शोधायला निघाला होता आणि इकडे ही मंडळी उकिरडा उपसत होती. दोघांत शहाणे कोण, हे मी ठरवून टाकले आहे.

माझी खरी शिकवणी तळमजल्यावरच्या आजींकडे झाली. मी फडके पायरीच्या मधोमध फिरवायचो. आजी कठड्याच्या गजांमागे बोट घालून काळी रेघ वर काढत आणि ते बोट माझ्यासमोर धरत. वर 'तुम्ही' म्हणून संबोधत, म्हणजे अपमानही अदबीने. आणखी एक गुपित त्यांनीच सांगितले: शनिवारी सकाळी बादली जरा आपटायची. जिना स्वच्छ हवाच, पण तो तुम्ही केलात हे चार दारांआड ऐकू गेले पाहिजे. इतकी माणुसकी दिसल्यावर मला तो देश आवडू लागला.

आईने व्हिडिओ कॉलवर माझा अवतार पाहिला आणि विचारले, "तिकडे बाई मिळत नाही का रे?"

प्रश्न अगदी आपला होता. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत; आपण त्यांच्या तसबिरीला हार घातला. ज्यांच्या हाती जातीने झाडू दिला, त्यांना मात्र शतकानुशतके दाराबाहेर ठेवले. झाडू एकतर संताचा, नाहीतर 'त्यांचा'. मधल्या माणसाची, म्हणजे तुमची-माझी, पाळी आपल्याकडे कधी लागलीच नाही. हे मला परदेशात, तेही ओणवे होऊन पायऱ्या पुसताना सुचावे, यात विद्यापीठाचे श्रेय काही नाही.

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968पासून अधिकृत भगिनी-शहरे आहेत. बहिणीचा एखादा गुण घ्यायला हरकत नसावी, म्हणून परत आल्यावर सोसायटीच्या सभेत मी जिन्याच्या पाळीचा प्रस्ताव मांडला. तो टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. लगेच पुढचा ठरावही झाला: सगळ्यांच्या पाळ्या करायला महिन्याच्या पगारावर एक बाई ठेवावी.