लालपरीतला लॉसलेस

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर इअरफोन दाखवताना दुकानदार आधी आवाज वाढवतो आणि मग म्हणतो, "बेस बघा भाऊ." विक्रीचं निम्मं शास्त्र एवढ्यात आलं. तेच गाणं जरा मोठ्यानं लावलं की कानाला ते जास्त चांगलं वाटतं. ध्वनितज्ज्ञ हे प्रयोग करून शिकले, दुकानदार गल्ल्यावर बसून. गिऱ्हाईकही कच्चं नसतं. ते २४ बिट, हाय-रेझ, लॉसलेस असे मंत्र घरून पाठ करून आलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की खान्देशात गाण्याचा दर्जा या मंत्रांवर ठरत नाही, फोनच्या किमतीवर तर नाहीच. तो ठरतो इअरफोनच्या टोकाला असलेल्या रबरी टोपीवर आणि आपण कुठे बसलो आहोत यावर.

मंत्रांचा हिशेब आधी उरकू. सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. यूट्यूबवरचं अहिराणी गाणं फोनवर पोचतं तेव्हा त्यातले साधारण सव्वाशे-दीडशे उरलेले असतात. ते ब्लूटूथनं कानात जाताना पुन्हा एकदा दाबलं जातं. एलडॅक हे ब्लूटूथचं तंत्र ९९० किलोबिटांपर्यंत वाहून नेतं हे खरं, पण मुळात जे आलंच नाही ते नेणार कुठून? शिवाय यातली बरीचशी गाणी लग्नातल्या आणि कानबाईच्या मिरवणुकीतल्या डीजेसाठीच बनवलेली. भिंतीएवढ्या खोक्यांसाठी घोटलेला बेस जेमतेम १० मिलिमीटरच्या पडद्यातून निघतो, तेव्हा तो शेवभाजीवरच्या तर्रीसारखा सगळ्यावर चढतो आणि खाली गायक आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं.

आता ते गाणं घेऊन जळगावहून धुळ्याच्या एस्टीत बसा. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडेपर्यंत इंजिनाची घरघर गाण्यात मिसळलेली असते. घरघर खालच्या पट्टीतली, त्यामुळे ती आधी गाण्यातला ढोल गिळते. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले बारकावेही झाकतो, म्हणून पाठोपाठ बासरीही जाते. वरून सैल काचेचा खडखडाट, एरंडोलच्या स्टँडवर गरम समोसे, आणि शेजारचे काका इअरफोन हे यंत्र शोधलंच गेलं नसल्यासारखे रील्स बघत असतात. टोपी कानात सैल असेल तर उरलासुरला बेस फटीतून निसटतो. प्रवासी म्हणतो, कंपनी भंगार आहे. मग तो आवाज वाढवतो. पारोळा येईपर्यंत आवाजाची पट्टी शेवटाला टेकलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गोंगाट मारणारे इअरफोन घ्या ना! घ्या, पण ते काय मारतात ते समजून घ्या. बाहेरच्या आवाजाच्या नेमकी उलटी लहर तयार करून ते त्याला खोडतात. एकसुरी घरघरीवर हा उपाय नामी चालतो. काचेचा खडखडाट, ट्रकचा हॉर्न, समोसेवाला आणि काका मात्र एकसुरी नाहीत. त्यांना अडवायचं तर कान नीट बंद व्हायला हवा, म्हणजे पुन्हा रबरावर आलो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एस्टी सोडा, घरी रात्री शांतपणे ऐकू. तिथे फरक कळतो हे मान्य. चांगलं ध्वनिमुद्रण, चांगला इअरफोन आणि शांत खोली असेल तर तानपुरा वेगळा ऐकू येतो. पण मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि घराघरांत रात्रभर कूलर घोंघावतो. तो बंद करून लॉसलेस ऐकणारा रसिक खान्देशात निघाला तर त्याचा सत्कार करावा, ओला पंचा देऊन. थंडीत कूलर गप्प असतो, पण तेव्हा लग्नसराई असते.

मग स्वस्तातलं काहीही घ्यावं का? तसं नाही. दोन इअरफोनच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दोन बऱ्या फोनमधला फरक मात्र बहुतेकांना डोळे मिटून सांगता येणार नाही. म्हणून पैसे फोनपेक्षा इअरफोनवर घाला. हे नुसतं रसिकतेचं प्रकरण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. कान नीट बंद झाला की आवाज वाढवायची गरजच कमी होते. त्यासाठी वेगळा खर्चही नाही. बहुतेक डब्यांत टोप्यांच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात, आणि आपण मधली लावून बाकीच्या डब्यासकट माळ्यावर टाकतो. त्या खाली काढा, तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांचं माप एकच असतं असंही नाही.