राज्य कसं घ्यावं : होतकरू कंपन्यांसाठी प्रवेशिका

तुमच्याकडे थोडं भांडवल, समुद्रकाठी एखादी वखार आणि आसपास दोन-चार भांडखोर राजे असतील, तर कामाला लागायला हरकत नाही. देश मोठा आहे म्हणून बिचकू नका. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या एका इमारतीतून चालायचा आणि तिच्या फौजेतले बहुतेक शिपाई इथलेच होते.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळावं. लढाईने आरंभ करू नये. लढाईला पैसा लागतो, भागधारक कटकट करतात, आणि कधीकधी आपण हरतो. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पेशवाईवर बसवायचं म्हणून फौज घेऊन बोरघाट चढले. मराठ्यांनी वाटेतली गावं रिकामी केली, धान्य-चारा जाळला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना कोंडून तह लिहून घेतला. या फजितीतून एकच गोष्ट वहीत टिपून ठेवण्यासारखी आहे. तह अंगाशी येतोय असं दिसलं की वरिष्ठांनी कळवावं, ज्याने सही केली त्याला तसा अधिकारच नव्हता. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तेच केलं.

तर लढाई नको. गिऱ्हाईक शोधावं. ज्या वाड्यात गादीवरून दोन भाऊ किंवा काका-पुतण्या एकमेकांच्या जिवावर उठलेले असतील, तिथे जाऊन शांतपणे बसावं. भांडण लावायच्या फंदात पडू नये, ते तयारच मिळतं. उगाच श्रेय घेऊ नये. अशी गिऱ्हाइकं पुष्कळदा वडिलोपार्जितही असतात. राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून अडीच हजार माणसांच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली होती. त्यांचे चिरंजीव दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले, तेव्हा हे खातं पुन्हा उघडणं फारसं अवघड नव्हतं.

तरीही घाई नको. बाजीरावांनी एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. साहजिकच त्यांचे भाऊ यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज त्याच्या आधीपासून तैनाती फौजेचा प्रस्ताव घेऊन बसला होता आणि बाजीराव आज-उद्या करत होते. हडपसरनंतर चालढकल संपली. श्रीमंत सिंहगड, मग महाड, मग सुवर्णदुर्ग असे पळत समुद्रमार्गे वसईला पोचले. तीच वसई, जी घेताना त्यांच्या चुलत आजोबांनी, चिमाजी अप्पांनी, १७३९ मध्ये हजारो माणसं खर्ची घातली होती. तह झाला ३१ डिसेंबर १८०२ ला. कंपनीला सनद मिळाली होती ३१ डिसेंबर १६०० रोजी. वाढदिवसाची इतकी चांगली भेट फार कमी कंपन्यांच्या नशिबी येते.

आता हा तह जवळून वाचा, कारण सगळी विद्या यातच आहे. पेशव्याच्या रक्षणासाठी कंपनीचं किमान सहा हजार पायदळ तोफखान्यासह कायमचं राहील. खर्चासाठी पेशव्याने वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. इंग्रजांचे शत्रू असलेले युरोपीय नोकरीत ठेवू नयेत. सुरतेवरचा हक्क सोडावा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी तंटा असेल तर इंग्रज सांगतील तो निवाडा मानावा. आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही दरबाराशी बोलणं करू नये. म्हणजे फौज तुमची, हुकूम तुमचा, शत्रू कोण हे ठरवणारेही तुम्हीच, आणि पगार त्याचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. फक्त इथे पीठही त्याचं, सरपणही त्याचं, आणि चुलीवर बसलेलाही तोच. उलट मोगल बादशहाने १७६५ मध्ये बंगालची दिवाणी दिली तेव्हा कंपनीने त्याला वर्षाला २६ लाख द्यायचं कबूल केलं होतं. तोच आकडा. ते पैसे कंपनीने काही वर्षांतच बंद केले. घ्यायचे २६ लाख आणि द्यायचे २६ लाख यांतला फरक नवशिक्याने लवकर ओळखावा.

खर्चासाठी रोख घ्यावी की मुलूख? पुस्तकी उत्तर मुलूख असंच आहे, पण अंगी धीर असेल तर आधी रोख घेऊन पाहावी. रोख थकते. थकली की राजा सावकाराकडे जातो. हैदराबादेत पामर आणि कंपनी नावाची पेढी निजामाच्या सरकारला शेकडा चोवीस-पंचवीसने कर्ज देत होती, आणि ते पैसे खर्च होत होते इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेवर! थकबाकी डोंगराएवढी झाली की मुलूख मागावा. मुलूख गेला की वसूल घटतो, वसूल घटला की शिपायांचे पगार तटतात, रयतेवर सक्ती होते, आणि मग अत्यंत दुःखी मनाने लिहावं की या राज्यात बजबजपुरी माजली आहे. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड घेतलं ते याच वहीखात्यावर. अवधच्या नबाबाकडून १८०१ मध्ये जवळजवळ अर्धं राज्य फौजेच्या खर्चापोटी काढून घेतलं आणि उरलेलं १८५६ मध्ये, कारभार नीट नाही म्हणून. अर्ध्या राज्यात पूर्ण दरबाराचा खर्च कसा भागवावा हे कुणी नबाबाला शिकवलं नव्हतं. ते शिकवणं कंपनीच्या कामात येत नाही.

यानंतर दरबारात एक माणूस ठेवावा. त्याला रेसिडेंट म्हणतात. तो भांडखोर नसावा, वाचणारा असावा. पुण्याला १८११ पासून माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. फारसी जाणणारा, मुळा-मुठेच्या संगमावरच्या बंगल्यात पुस्तकांच्या गराड्यात राहणारा, बोलायला मवाळ. त्याच्या हाताशी बाळाजीपंत नातूंसारखे लोक होते, त्यामुळे शनिवारवाड्यातली हालचाल संगमावर लगेच कळायची. घरभेदी हा शब्द इथे फार वापरतात. तो मनाला लावून घेऊ नका, आणि त्याच्यावर सगळा भार टाकूही नका. नातू नसते तर दुसरं कुणी मिळालं असतं, कारण दरबारात नाराज माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता.

मग निमित्ताची वाट पाहावी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यात आले होते. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय बाजीरावांच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं आणि खबरदारी म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवला. म्हणतात की एक मोतद्दार खिडकीखाली घोडा खरारत मराठीत गाणं म्हणायचा आणि गाण्यातच पळायचा बेत सांगायचा. पहारेकऱ्यांना अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. सूचना : पहारेकऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा यायला हवी.

पण हेही वाया जाऊ देऊ नये. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्याभोवती फौज आणली आणि त्रिंबकजी हवाली होईपर्यंत सिंहगड, पुरंदर, रायगड तारण मागितले. १३ जूनच्या तहात पेशव्यांनी मराठा सरदारांवरचा आपला वडीलकीचा हक्कच सोडला. त्यानंतर गिऱ्हाईक चिडतं, चिडावंच. ५ नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली, संगमावरचा बंगला एल्फिन्स्टनच्या पुस्तकांसकट जळाला, आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं. पुस्तकं गेली हे खरंच वाईट झालं.

३ जून १८१८ ला बाजीराव कंपनीचा अंमलदार माल्कम याच्या स्वाधीन झाले. माल्कमने त्यांना वर्षाला ८ लाखांचं पेन्शन कबूल केलं, आणि ही रक्कम फार झाली म्हणून कलकत्त्यात कुरकुर झाली. श्रीमंत बिठूरला गेले आणि १८५१ पर्यंत जगले. एकूण हिशेब अडीच कोटींच्या वर गेला. पेन्शन ठरवण्यापूर्वी प्रकृतीची नीट चौकशी करावी.

पुढचा धडा थोडा वरच्या इयत्तेचा आहे, पण साताऱ्याशिवाय हे पुस्तक अपुरं राहील. पेशव्याला पाडताना मराठ्यांना चुचकारायचं होतं, म्हणून एल्फिन्स्टनने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. १८१९ चा तह राजा आणि त्याच्या वारसांशी, कायमचा. राजा निघाला हुशार. त्याने रस्ते बांधले, पाणी आणलं, शाळा काढली. लंडनच्या संचालकांनी खूश होऊन त्याला रत्नजडित तलवार पाठवली. ती तलवार मुंबई सरकारने त्याला दिलीच नाही. मधल्या काळात जहागीरदारांवर हक्क कुणाचा यावरून बिनसलं होतं, आणि राजा तहाची कलमं दाखवत होता. कलमं वाचणारा राजा धोक्याचा. मग त्याच्यावर गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आणि शिपाई फितवल्याचा आरोप आला. गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला गेला : चुकलो असं लिहून द्या, गादी राहील. राजाने लिहून दिलं नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्याला काढून काशीला धाडलं आणि धाकट्या भावाला, आप्पासाहेबांना, बसवलं.

इथे कंपनीच्या डोक्याला एक ताप झाला, तो नवशिक्यांना ठाऊक असावा. राजाचे वकील रंगो बापूजी थेट लंडनला जाऊन बसले आणि चौदाएक वर्षं हलले नाहीत. भागधारकांच्या सभांना जायचे, कागद छापायचे, खासदारांना गाठायचे. सातारचा प्रश्न नको नको झाला. पण सभा ऐकून घेते आणि मतदान करते. मतं तुमचीच असतात.

आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ ला वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचा गव्हर्नर क्लार्क, दोघांचंही मत राज्य घेऊ नये असं होतं. नवा गव्हर्नर जनरल डलहौसी येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याने ठरवलं की दत्तक मुलगा बापाचं क्रियाकर्म करू शकतो, राज्य करू शकत नाही. ही युक्ती इतकी सोपी आहे की आधी कुणी ती इतकी सर्रास वापरली नाही याचं नवल वाटतं. मग झाशी, मग नागपूर. नागपुरात मालाची विल्हेवाट लावताना जरा घाई झाली. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात. वाड्यातलं सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, असं वृद्ध राणी बांकाबाईंनी बजावलं. सामान हललं. एका गावाने आपल्या राजाचे हत्ती कवडीमोलाने विकले जाताना पाहिले की पुढे काय होतं ते १८५७ मध्ये कळलं. म्हणून लिलाव तरी परगावी करावा.

१८५७ नंतरची सुधारित आवृत्ती अशी : राज्य घ्यायचं नाही, राजा बदलायचा. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट कर्नल फेअर नको अशी रीतसर तक्रार केली. आठवड्याभरात, ९ नोव्हेंबर १८७४ रोजी, फेअरने पपनसाचं सरबत दोन घोट घेतलं, चव बरी लागली नाही म्हणून उरलेलं ओतून दिलं आणि ग्लासच्या तळाशी गाळ पाहिला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी, त्यांत खुद्द ग्वाल्हेरचे शिंदे आणि जयपूरचे महाराज. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन-तीन. अशा वेळी गोंधळू नये. सरकारने विषाचा विषय बाजूला ठेवला आणि गैरकारभाराबद्दल मल्हाररावांना काढलं. मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून एक शेतकऱ्याचा मुलगा आणून राणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक दिला. सत्तावीस वर्षांपूर्वी साताऱ्याला जे चाललं नव्हतं ते आता चाललं. मुलाला, म्हणजे सयाजीरावांना, मात्र फार चांगलं शिकवलं गेलं. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी सम्राटाला वाकून जेमतेम एक नमस्कार केला आणि पाठ फिरवून चालू लागले. त्यावर विलायतेपर्यंत चर्चा झाली.

उरलेल्या राजांना तोफांची सलामी द्यावी. बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, सावंतवाडीला ९, औंधला एकही नाही. एवढ्यावर ते आपसात पुरेसे गुंतून राहतात, आणि दारूगोळाही फारसा लागत नाही.

आणि शेवटी इतिहास लिहावा, तोही स्वतःच. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ याने दरबारचेच कागद चाळून १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. माल्कमने लिहिला, एल्फिन्स्टनने लिहिला. यात अडचण एवढीच, की मग तो शाळा-कॉलेजात लावावा लागतो आणि मुलं तो वाचतात. १८६७ च्या सुमारास पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफसाहेबांच्या चुका एकेक करून दाखवल्या. पुढे राजवाडे नावाचे एक गृहस्थ वाईपासून सुरुवात करून गावोगाव हिंडले आणि लोकांच्या माळ्यांवरचे मोडी रुमाल सोडून बसले. १८९८ पासून त्यांचे खंड निघू लागले, ते बावीसपर्यंत गेले. पुण्याचं पेशवे दफ्तर कुलूपबंद ठेवणं सोपं होतं. घरोघरच्या माळ्यांची जप्ती कोणत्याच तहात घातलेली नव्हती.