'ई'च्या शेजारचा 'आर'

कीबोर्डावर ई आणि आर या कळा एकमेकींना खेटून बसलेल्या आहेत. एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर भरतं साधारण 19 मिलिमीटर. लिनक्सच्या सर्व्हरवर 'क्रॉनटॅब -ई' अशी आज्ञा दिली की कामांच्या वेळापत्रकाची फाइल दुरुस्तीसाठी उघडते. 'क्रॉनटॅब -आर' म्हटलं की तीच फाइल पुसली जाते. मध्ये 'नक्की ना?' असा प्रश्न नाही, पुसलेलं परत काढायला टोपली नाही. ही रचना ज्याने केली त्याचं बोट कधी घसरलंच नसावं.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्रॉन हा सर्व्हरवर सतत जागा असणारा प्रोग्रॅम. रात्री बॅकअप घे, पहाटे जुने लॉग उडव, दर तिमाहीला हिशेबाचा अहवाल काढ, अशी कामं तो ठरल्या मिनिटाला बिनबोभाट उरकतो. त्याच्यामुळेच माझ्यासारख्या माणसाला सणाला गावी जाता येतं.

गाव म्हणजे गडब. पेणहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की वडखळ, डोलवी आणि मग आम्ही. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हापासून गणपतीला गावी पोचेपर्यंत कंबर आणि लॅपटॉप यांतलं आधी काय खिळखिळं होतं, हे बघणं एवढंच प्रवाशाच्या हातात उरलं आहे. मी ज्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो तिथे रजा मिळते, पण लॅपटॉप सोबत न्यायच्या बोलीवर.

गौरीजेवणाच्या दिवशी पानावर वालाचं बिरडं पडलं आणि त्याच क्षणी मोबाइलवर संदेश आला. सर्व्हरची डिस्क भरत आली होती. उपाय साधा होता. लॉग साफ करणारं काम आठवड्यातून एकदा होत होतं, ते रोज करायचं, म्हणजे वेळापत्रकातला एक आकडा बदलायचा. मोदकाच्या तुपाचं बोट पंच्याला पुसून मी क्रॉनटॅब उघडला, आकडा बदलला आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. दिवसभर एक्सेलमध्ये ड्यूटीचे तक्ते भरणाऱ्या बोटांना दुसरं काय सुचणार?

पडदा गोठला. मी लगेच निदान केलं की रेंज गेली.

त्यावर सगळं घर कामाला लागलं. आतेभावाने हॉटस्पॉटचा मोबाइल गच्चीवर टाकीवर नेऊन ठेवला. शेजारचे काका म्हणाले, "टॉवर कासूच्या अंगाला आहे, तोंड तिकडे कर." मोबाइलचं तोंड नेमकं कोणतं, यावर आत्या आणि बाबांचं थोडं वाजलं. मी अधूनमधून कळा बडवून बघत होतो. हॅलो लिहिलं, एंटर मारलं, मनात येतील ते चार शब्द लिहिले. भाच्याने संधी साधून 'गणपती बाप्पा मोरया' टाइप केलं. पडदा ढिम्म.

शेवटी ऑफिसात ड्यूटीवर असलेल्या मुलीला फोन लावला. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते.

"सर, कंट्रोल-एस दाबलंत का?"

"मी? छे!"

"बरं. तरी एकदा कंट्रोल-क्यू दाबून बघा ना."

दाबलं आणि बांध फुटला. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एसचा अर्थ 'जतन कर' नसून 'थांब' असा आहे. टेलिप्रिंटरच्या जमान्यात समोरचं यंत्र फार भरभर मजकूर पाठवायला लागलं की त्याला थोपवायला हा इशारा होता, आणि 'पुढे चल'साठी कंट्रोल-क्यू. टेलिप्रिंटर गेले, इशारे राहिले. थांबतं ते फक्त दिसणं; दाबलेल्या कळा आत जमा होतच राहतात. त्यामुळे वेळापत्रकात मिनिटाच्या रकान्यात हॅलो, तासाच्या रकान्यात बाप्पा आणि खाली माझे ते चार शब्द, ओळीने उमटले. रेंजची बिचारीची काहीच चूक नव्हती.

काही जतन न करता बाहेर पडलो. इथवर नुकसान शून्य होतं आणि इथेच मी पान आवरायला हवं होतं. पण फोनवरच्या मुलीसमोर अब्रू सावरायची होती. घाईघाईने पुन्हा क्रॉनटॅब उघडायला गेलो. काहीच उघडलं नाही, एररही आली नाही. म्हणून यादी मागवली, तर उत्तर आलं, 'नो क्रॉनटॅब फॉर रूट.'

"सर, तुम्ही आर तर नाही ना दाबलंत?"

या वेळी मला छे म्हणवलं नाही.

बॅकअपमधून काढू म्हटलं. क्रॉनटॅब असतात 'व्हार' डिरेक्टरीच्या पोटात. आणि जागा वाचावी म्हणून 'व्हार' बॅकअपमधून वगळायचं शहाणपण माझंच.

1998 साली पिक्सारमध्ये कुणीतरी अशीच एक आज्ञा दिली आणि 'टॉय स्टोरी 2' चा बराचसा भाग पुसला गेला. बॅकअपही नीट निघाला नाही. गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीने सिनेमा वाचला. त्यांनी घरून काम करून वाचवलं. मी घरून काम करून काय केलं ते वर आलंच आहे.

मला वाचवलं त्या मुलीने. क्रॉन प्रत्येक काम सुरू करताना लॉगमध्ये वेळेसकट नोंद करतो. तिने त्या लॉगवर ग्रेप चालवून 'सीएमडी' असलेल्या ओळी काढल्या, पाइपने सॉर्ट आणि युनिककडे सोपवल्या आणि बहुतेक वेळापत्रक पुन्हा उभं केलं. पण जुने लॉग आमच्याकडे चार आठवड्यांनी जातात. तिमाही अहवालाची शेवटची नोंद जुलैतली, ती कधीच गेली होती. त्याचा पत्ता 1 ऑक्टोबरला लागला, तोही हिशेब खात्याकडून.

आतेभाऊ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात असतो. तो हे सगळं शांतपणे बघत होता. म्हणाला, "दादा, डोळ्यांच्या आखणीला आम्ही सगळ्यात मुरलेला माणूस बसवतो. आणि तोसुद्धा जेवता जेवता बसत नाही."

तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या बंधुभगिनींनो, 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ आपल्या बॅशआरसीत घाला, म्हणजे कंट्रोल-एस पडदा गोठवणार नाही. क्रॉनटॅबला '-आय'चं टोपणनाव द्या, म्हणजे पुसण्याआधी तो निदान विचारेल. वेळापत्रक वेगळ्या फाइलीत लिहा आणि तीच फाइल क्रॉनटॅबला भरवा. यातलं काही जमत नसेल तर आत्ता 'क्रॉनटॅब -एल' देऊन येणारी यादी एका फाइलीत वळवा आणि ती दुसऱ्या यंत्रावर ठेवा. पण 1 ऑक्टोबरच्या आत.